शेताचे स्थानिक नाव

दहा-बारा वर्षांपूर्वी मी एका टेकडीला नाव दिले. त्यात काही गैर आहे असे त्या वेळी मला वाटले नव्हते. माझ्या पहिल्या कादंबरीतले गाव म्हणजे मी जिथे मास्तरकी करतो त्याच गावाचे थोडेसे रंगवलेले रूप आहे. गावाच्या मावळतीला एक बोडकी टेकडी आहे, आणि नायिका सासर सोडून निघते त्या प्रसंगी ती मला हवी होती. सरकारी नकाशावर तिथे नुसता उंचीचा आकडा होता. नकाशात नाव नाही म्हणजे नावच नाही, असे समजून मी तिला 'सांजटेक' म्हटले. परीक्षण लिहिणाऱ्यांना ते नाव आवडले. एकाला तर त्यात मातीचा अस्सल हुंकार ऐकू आला.

पुढे एकदा शाळेच्या कट्ट्यावर एक म्हातारे मेंढपाळ येऊन बसले. नातवाने त्यांना पुस्तकातली काही पाने वाचून दाखवली होती. म्हणाले, "गुरुजी, समदं झ्याक लिवलंय. पर त्यो टाक्याचा डोंगर हाय. सांजटेक कुठनं काढलं?"

मी म्हटले, "तात्या, नकाशात त्याला नाव नाही."

"नकाशावाल्यानं आमास्नी इचारलं न्हाई. तुमीबी न्हाई इचारलं."

त्यानंतर मी तलाठ्याकडून पायथ्याच्या जमिनींचे जुने उतारे मिळवले. सात-बाराच्या उताऱ्यावर 'शेताचे स्थानिक नाव' असा एक रकाना असतो. बहुतेक उताऱ्यांवर तो कोराच राहतो. कारण त्यावाचून कुणाचे काही अडत नाही, कर्जही मिळते आणि खरेदीखतही होते. पण तीन उताऱ्यांवर कुणा एका कारकुनाने तो भरला होता : 'टाक्याखालचे'. डोंगराचे नाव कुठेच नव्हते. त्याच्या पायाशी असलेल्या शेताने ते जपून ठेवले होते.

असे आणखी कुठे घडले असेल का, आणि कुणी ते नीट शोधले असेल का, या उत्सुकतेपोटी वाचत वाचत मी वेल्सला जाऊन पोचलो. अर्थात कागदावरच. माझे शिक्षण मॅट्रिकपाशी थांबलेले, आणि वेल्श भाषा मला येत नाही. वेल्स विद्यापीठाचा मोठा कोश आता संगणकावर सर्वांना खुला आहे, तो शेजारी ठेवून मी चाचपडत गेलो. तेव्हा या लेखाला कुणी संशोधन म्हणू नये. एका वाचकाने एका ग्रंथावर केलेली टीका एवढेच याचे स्वरूप आहे. ग्रंथ मात्र विलक्षण. त्याला लेखक नाही, नायक नाही, आणि तो वाचला जावा म्हणून कुणी लिहिलेला नाही.

हा ग्रंथ म्हणजे चर्चच्या दशमांशाचे दप्तर. शेतकऱ्याने आपल्या उत्पन्नाचा दहावा भाग चर्चला द्यायचा, धान्य, लोकर, कोकरे अशा रूपाने, अशी इंग्लंड-वेल्समध्ये शतकानुशतके चाल होती. १८३६ च्या कायद्याने हा वाटा रोख रकमेत बदलला, आणि ती रक्कम गहू, बार्ली व ओट यांच्या सात वर्षांच्या सरासरी भावावरून दरसाल ठरू लागली. त्यासाठी गावोगाव मोजणी झाली, नकाशे काढले गेले आणि प्रत्येक नकाशाबरोबर एक तक्ता तयार झाला. मालक कोण, कसणारा कोण, नकाशावरचा क्रमांक, जमिनीचे नाव व वर्णन, पीक आहे की गवत, क्षेत्र किती, चर्चला देणे किती. क्षेत्र एकर, रूड आणि पर्च यांत. चार रूडांचा एकर, चाळीस पर्चांचा रूड. तीन प्रती झाल्या : एक सरकारकडे, एक बिशपकडे, एक गावात. त्याच सुमारास आपल्याकडे इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांची जमीन-मोजणी चालू होती. साखळी ओढणारे हात निराळे, पण एकाच राज्याचा एकाच काळातला हा उद्योग. शेत म्हणजे क्रमांक, ही दृष्टी दोन्हीकडे सारखीच.

वेल्समधल्या बहुसंख्य लोकांना हे दप्तर प्रिय असण्याचे काहीच कारण नव्हते. ते जात असत आपापल्या चॅपलमध्ये, आणि दशमांश मात्र द्यावा लागे इंग्लंडच्या चर्चला. १८८० नंतरच्या दशकात तर यावरून उघड दंगे झाले, आणि इतिहासात त्यांना 'दशमांशाचे युद्ध' असेच नाव पडले. पुढे १९२० मध्ये वेल्समध्ये चर्चचा राजाश्रय संपला आणि १९३६ च्या कायद्याने दशमांशाचे हे देणेही मोडीत निघाले. देणे गेले, वसूल करणारे गेले. राहिला तो तक्त्यातला चौथा रकाना. जमिनीचे नाव.

एबरिस्टविथ येथील वेल्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयात हे नकाशे आहेत. २०१४ पासून स्वयंसेवकांनी घरी बसून त्यांतली नावे एकेक करून उतरवून काढली आणि आता ती कुणालाही पाहता येतात. या कामाला त्यांनी नाव दिले होते 'कनेव्हिन'. मेंढरांचा कळप डोंगराच्या ज्या भागात जन्मतो, त्याच भागात कुंपणावाचून आपण होऊन चरतो. त्या ओळखीच्या जागेला कनेव्हिन म्हणतात. आमच्या तात्यांना हा शब्द आवडला असता.

आता हा रकाना वाचायचा कसा? पहिली मौज अशी की वेल्शमध्ये शेताला 'काय' म्हणतात. पानेच्या पाने काय, काय, काय. 'काय मावर' म्हणजे थोरले शेत, 'काय पेला' म्हणजे पल्याडचे शेत. शब्द परका, पण नाव ठेवण्याची रीत अगदी आपली. घराखालचे, विहिरीजवळचे, लांबट, वाकडे, दगडाचे. त्यात काव्य करण्याचा कुणाचा हेतू नाही. हे नाव घरच्या पोराला सकाळी सांगण्यासाठी आहे : जा, आज मेंढरे तिकडे ने.

दुसरी गोष्ट व्याकरणाची, आणि ती समजल्यावाचून एक पाऊलही पुढे टाकता येत नाही. आपल्याकडे विभक्ती लागताना शब्दाचे शेपूट बदलते : घोडा, घोड्याला. वेल्शमध्ये शब्दाचे तोंड बदलते. 'मोइल' म्हणजे बोडकी टेकडी. पण 'ती टेकडी' म्हणताना होते 'अ व्होइल'. 'बान' म्हणजे शिखर. दक्षिण वेल्समधला सर्वांत उंच डोंगर आहे 'पेन अ व्हान', त्यातला 'व्हान' हा तोच 'बान'. 'ग्विद्वा' म्हणजे थडग्यावरचा उंचवटा. ज्या डोंगराला इंग्रज स्नोडन म्हणतात त्याचे वेल्श नाव 'अर् विद्वा'. रीटा नावाचा राक्षस आर्थर राजाने मारला आणि तिथे पुरला, अशी दंतकथा आहे. ज्याला हे रूपांतर ठाऊक नाही त्याला एकच शब्द दोन ठिकाणी दोन वाटतो. तक्ता लिहिणाऱ्या पुष्कळ मोजणीदारांना ते ठाऊक नव्हते. त्यातून वेल्शमध्ये इंग्रजी एफ हे अक्षर एकदा लिहिले तर 'व्ह' आणि दोनदा लिहिले तर 'फ'. इंग्रजी कानाने ऐकायचे, इंग्रजी रीतीने लिहायचे, आणि सांगणारा बहुधा इंग्रजी न जाणणारा. पिम्लिमोन या डोंगराचे 'प्लिनलिमन' झाले ते अशाच वाटेने. 'पिम' म्हणजे पाच, पाच शिखरांचा डोंगर. इंग्रजी रूपात पाचांचा मागमूस राहिला नाही.

म्हणून मी याला पाठचिकित्सा म्हणतो. एकनाथांनी ज्ञानेश्वरीच्या प्रती समोर ठेवून पाठ शुद्ध केले, तशीच ही रीत. एका प्रतीत एक अक्षर, दुसरीत दुसरे, लेखनिक थकलेला किंवा अडाणी. मूळ शब्द कोणता असेल? इथे तर एक अख्खी प्रतच जळाली आहे. ऑर्डनन्स सर्व्हेचे मोजणीदार प्रत्येक नाव कुणाकडून घेतले हे वह्यांत लिहून ठेवीत. इंग्लंड-वेल्सच्या त्या बहुतेक वह्या १९४० मध्ये साउदॅम्प्टनवर बॉम्ब पडले तेव्हा नष्ट झाल्या. त्या वह्यांबद्दल हळहळताना एक गोष्ट मात्र मी विसरू शकत नाही. सर्व्हेच्या सूचनांत असे सांगितलेले होते की नावासाठी जमीनदाराला, पाद्र्याला विचारा; लहान शेतकरी आणि झोपडीवाले यांच्यावर, ते राहतात त्या जागेच्या नावाबाबतसुद्धा, विसंबू नका. तात्यांचे वाक्य इथे पुन्हा आठवते.

आता खरी अडचण. या दप्तरात शेते आहेत. डोंगरमाथा बहुधा नाही. माथ्यावर पीक नाही, मग देणे कसले? नकाशात उघडा डोंगर म्हणजे पुष्कळदा एक मोठा कोरा तुकडा, फार तर 'मेंढरांचे रान' असे दोन शब्द. मग नाव काढायचे ते खालून. एक कल्पित उदाहरण घेतो. एका अनाम टेकडीच्या पूर्वेला तीन शेते आहेत आणि त्यांतल्या एकाचे नाव 'फ्रीद अ व्होइल', म्हणजे बोडक्या टेकडीचे कुरण. शोधक म्हणतो : सापडले! टेकडीचे नाव 'मोइल'. पण थांबा. पूर्वेचे लोक तिला मोइल म्हणत. पश्चिमेचे काय म्हणत? 'मोइल' हे विशेषनाम की नुसते वर्णन? ज्याच्या दाराशी एकच टेकडी आहे तो तिला 'टेकडी'च म्हणणार, जशी आमच्या गावची नदी 'नदी'च आहे. शिवाय कुरणाचे नाव डोंगरावरून पडले की डोंगराचे कुरणावरून? म्हणून या क्षेत्रातले विवेकी लोक एका नोंदीवर थांबत नाहीत. ते जुन्या जहागिरींचे नकाशे पाहतात, मोकळी राने वाटून दिली त्या वेळचे निवाडे पाहतात, आणि मग फोन उचलून त्या शेतावर आज राहणाऱ्या शेतकऱ्याला विचारतात. हे शेवटचे काम मला सर्वांत मोलाचे वाटते, आणि ते सर्वांत घाईचेही आहे.

कारण दुसऱ्या बाजूला याद्या करणारे आहेत. ब्रिटनमध्ये डोंगर उंचीनुसार मोजून त्यांच्या याद्या करण्याचा एक मोठा छंद आहे. छंद निर्मळ आहे, त्याची थट्टा करण्याचे मला कारण नाही. २००८ मध्ये तीन हौशी मंडळींनी मनिद् ग्राइग गोख नावाचा डोंगर उपकरणे लावून पुन्हा मोजला. तो ६०९.७५ मीटर भरला, म्हणजे दोन हजार फुटांच्या रेषेवर जेमतेम वीतभर. पण यादीत अनाम टेकडी शोभत नाही. मग जवळच्या वाडीचे नाव उचलून माथ्यावर ठेवायचे, किंवा कोशातले दोन वेल्श शब्द जोडून नाव करायचे, असे पूर्वी पुष्कळ झाले. ती नावे छापली गेली, पुढच्या यादीने मागच्या यादीतून घेतली, आणि छापील म्हणून खरी ठरली. हे वाचताना माझे कान तापले. सांजटेकही छापीलच आहे.

मग नवे नाव देऊच नये काय? असे मी म्हणणार नाही. उत्तर वेल्समध्ये कार्नेद उखाव्ह, म्हणजे 'वरचा दगडी ढीग', अशा नावाचे एक शिखर होते. जवळच दुसऱ्या शिखराला ल्यूएलिन राजाचे नाव आहे. वेल्सचा शेवटचा ल्यूएलिन १२८२ मध्ये मारला गेला; त्याची तान्ही मुलगी ग्वेन्लियन इंग्रजांनी नेली आणि लिंकनशरमधल्या एका मठात ठेवली. १३३७ मध्ये ती तिथेच मरण पावली. २००९ मध्ये त्या शिखराला 'कार्नेद ग्वेन्लियन' असे नाव दिले गेले. हे नाव कुठल्याही दप्तरात सापडलेले नाही. ते दिलेले आहे, आणि देणाऱ्यांनी साल सांगून दिले. माझ्या मते ते प्रामाणिक नाव आहे. आपले नवे नाणे जुने म्हणून चालवणे हा निराळा प्रकार, आणि कादंबरीकार तो सर्रास करतो. उलट अर् विद्वा हे नाव सापडायचेच नव्हते, ते लोकांच्या तोंडी होतेच. २०२२ मध्ये तिथल्या राष्ट्रीय उद्यानाने आपल्या व्यवहारात तेच वापरण्याचे ठरवले.

लोकांच्या तोंडच्या अर्थावर मात्र डोळे मिटून विश्वास ठेवू नये. ट्रव्हान या पहाडाच्या माथ्यावर उभे सुळके आहेत, म्हणून 'तीन दगड' असा अर्थ सर्रास सांगितला जातो. भाषापंडित म्हणतात, 'ट्र' हा जोर दाखवणारा उपसर्ग आणि पुढे आपला 'बान', म्हणजे फार उंच शिखर. अर्थ गोड वाटला की तो खोटा असण्याचा संभव थोडा वाढतो, असा माझा अनुभव आहे.

या विषयाला ललित साहित्याने कसा न्याय दिला, हे पाहण्याचा मोह मला आवरला नाही. वेल्समधल्या टेकडीवर १९९५ मध्ये एक चित्रपट निघाला : 'द इंग्लिशमन हू वेंट अप अ हिल बट केम डाउन अ माउंटन'. ख्रिस्तोफर मंगर हे दिग्दर्शक. १९१७ साली दोन इंग्रज मोजणीदार एका गावात येतात, गावचा 'पर्वत' हजार फुटांना थोडा कमी भरतो, आणि सारे गाव माती वाहून त्यावर ढीग रचते. चित्रपट गोड आहे. माझ्या विद्यार्थ्यांना मी तो आनंदाने दाखवीन. पण त्यात पणाला लागते ती उंची. नाव कुणाला विचारावे, ते कसे लिहावे, हा प्रश्न त्यात महत्त्वाचा नाहीच. आणि पर्वताचे नाव काय? 'फन्नॉन गारू'. 'फन्नॉन' म्हणजे झरा! मूळ दंतकथा कार्डिफजवळच्या गार्थ या डोंगराची, त्याच्या पायथ्याच्या गावाच्या नावात 'फन्नॉन' आहे. डोंगराने झऱ्याचे नाव घ्यावे यात अशक्य काही नाही, पण ते कसे घेतले हीच तर गोष्ट होती! ती सांगायची राहिली. चित्रण झाले ते दूर लानरायाडरच्या परिसरात. तिथे पाद्री असताना विल्यम मॉर्गन यांनी बायबल वेल्शमध्ये आणले, आणि ते १५८८ मध्ये छापले गेले. एका गावठाणाने भाषेचे एवढे काम केले, आणि पडद्यावर त्याच्या वाट्याला मातीची पाटी आली.

ब्रायन फ्रील यांच्या 'ट्रान्सलेशन्स' या १९८० च्या नाटकाने मात्र नेमक्या जागी बोट ठेवले आहे. नाटक आयर्लंडचे आहे, वेल्सचे नव्हे. पण मोजणी तीच, आणि नावांची वहीही तीच. त्यात एका चौकाचे नाव कुणा ब्रायनच्या विहिरीवरून पडलेले असते. तो ब्रायन त्या विहिरीत बुडाला, विहीर आटली, नावातले 'ब्रायन' झिजून ओळखू येईनासे झाले. गावातला मुलगा ओवेन, जो सर्व्हेचा दुभाष्या आहे, विचारतो : कुणालाच आठवत नाही अशा माणसाशी इमान राखायचे कशासाठी? आणि नाव राहू द्या म्हणून हट्ट धरतो तो परका इंग्रज अधिकारी. इथे फ्रील यांनी घरच्याला आणि परक्याला नेहमीच्या जागी उभे केलेले नाही, हे त्यांचे मोठेपण. वाईट इंग्रज आणि बिचारा गावकरी एवढ्यावर भागले असते तर ते नाटक मी पुन्हा वाचले नसते. मीही गावचाच होतो, आणि टाक्याचे नाव मीच पुसले होते.

एका डोंगराचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. भारताच्या महामोजणीचे प्रमुख लॅम्ब्टन १८२३ मध्ये आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला वारले. त्यांचे काम जॉर्ज एव्हरेस्ट यांच्याकडे आले. वेल्समध्ये क्रिकहॉवेलजवळ ग्वेर्नव्हेल येथे एव्हरेस्ट घराण्याची मालमत्ता होती. १८५६ मध्ये त्यांच्या जागी आलेल्या वॉ यांनी जगातल्या सर्वांत उंच शिखराला त्यांचे नाव सुचवले. म्हणाले, स्थानिक नाव सापडत नाही. वास्तविक तिबेटी नाव चोमोलुंग्मा १७३३ च्या फ्रेंच नकाशावर आलेले होते. खुद्द एव्हरेस्ट यांनी हरकत घेतली होती की तिथल्या लोकांना हे नाव उच्चारता यायचे नाही. गंमत अशी की ते स्वतः 'ईव्हरेस्ट' म्हणत. साऱ्या जगाने तोही उच्चार ठेवला नाही.

वेल्सने २०१६ च्या कायद्याने जुन्या स्थलनामांची सरकारी सूची करणे बंधनकारक केले, आणि ती २०१७ पासून लोकांसमोर आहे. त्याच्याही आधी मेल्व्हिल रिचर्ड्स या अभ्यासकाने जमवलेल्या तीन लाखांवर चिठ्ठ्या बँगर विद्यापीठात आहेत. एका माणसाने इतक्या चिठ्ठ्या लिहाव्यात! मी माझ्या पाचव्या इयत्तेच्या मुलांना घरून शेतांची नावे लिहून आणायला सांगितले, तेव्हा बत्तीस मुलांकडून एकशे चौदा नावे आली. दोन मुले म्हणाली, आमच्या शेताला नाव नाही, गट नंबर आहे.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत त्यांतल्या तिघांना घेऊन मी टाके पाहायला टेकडीवर गेलो. टाके सापडले नाही. एके ठिकाणी खोलगट भाग होता आणि त्यात खडी. तात्या म्हणाले, बाहत्तरच्या दुष्काळात खडी फोडायचे काम तिथेच चालले होते, तेव्हा ते बुजले. कादंबरीची दुसरी आवृत्ती निघते आहे. प्रकाशकांना मी नाव बदलण्याबद्दल लिहिले, तर त्यांचे म्हणणे पडले की वाचकांचा गोंधळ होईल. त्याहून अवघड प्रसंग निराळाच आहे. एस.टी.च्या थांब्याजवळ गावातल्या तरुणांनी हौसेने एक फलक रंगवला आहे : 'सांजटेक, २ कि.मी.' त्याखाली टाक्याचा डोंगर असेही लिहा, असे मी त्यांना दोनदा सांगून पाहिले. ते हसले. म्हणाले, "राहू द्या की, गुरुजी. तुम्हीच दिलेलं नाव आहे. चांगलं आहे."